तीस भाषांतून सुटलेलं नाव

भाचीचं नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या म्हणजे नेवाशाच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी पंकजा. वहिनीने सुचवलेली नावं तिने महिनाभर तपासली आणि एकेक करून नापास केली. ‘उमा’ म्हणजे जपानीत घोडा, ‘इरा’ म्हणजे लॅटिनमध्ये राग, ‘ओवी’ म्हणजे फिनिशमध्ये दार.

“बारशाला फिनलंडचं पाव्हनं येनार हाय का?” तिची आई झुंबरबाई वैतागून म्हणाली.

“उद्या पोरगी तिकडे शिकायला गेली म्हणजे, आई?”

शेवटी तीस भाषांतून सुखरूप सुटलेलं एक नाव पंकजाने बारशाला बाळाच्या कानात सांगितलं. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. मग तिने ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “रमा!”

झुंबरबाईचा हात पाळण्याच्या दोरीवरच थांबला. “आगं, माज्या सासूबाईंचं नाव हाय हे! पन्नास वर्सांत मी कदी तोंडातनं काढलं न्हाई. आता नातीला हाक कशी मारू?”

पंकजाच्या जन्माआधीच गेलेल्या आजीला घरात सगळे थोरल्या आई म्हणत. त्यांचं नाव काय, हे विचारायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

“तुज्या त्या भाषांत काय म्हनत्यात याला?” झुंबरबाईने विचारलं.

“स्पॅनिशमध्ये... फांदी.”

“झालं तर मग,” म्हणत तिने दोरी ओढली. “नीज गं, माजी फांदी.”