कचेरीच्या मशीनचं अक्षर

“हे अक्षर या मशीनचं नाही,” ग्यानबा मिस्त्री म्हणाला.

टेबलावर दोन कागद होते. एक हेमलाचा, मार्च १९७४ मधला, केनवडच्या शाळेवर मास्तरीण म्हणून नेमणुकीचा हुकूम. दुसरा त्याच मजकुराचा, ग्यानबानं आत्ताच कचेरीच्या टाइपरायटरवर काढलेला. हुकमातली अक्षरं ठसठशीत, उभी. या कागदावरची झिजलेली, एका अंगाला कललेली. लहान लेकरालाही फरक दिसला असता.

हुकमावर सही करणारे साहेब एप्रिलमध्ये वारले होते. कचेरीतली प्रत सापडत नव्हती. नवे साहेब जूनमध्ये आले, आणि नव्या साहेबांना चोर पकडायची भारी हौस असते. वाशिममध्ये मराठी टाइपरायटर दुरुस्त करणारा ग्यानबा एकटाच. कचेरीची मशीनही त्याच्याच हातची. म्हणून त्याला बोलावलं होतं.

“मार्चातले दुसरे कागद काढू का, साहेब?” कारकुनानं विचारलं.

“कायले?” ग्यानबा म्हणाला. “मशीनच समोर हाये.”

साहेबांना ते पटलं.

“मिस्त्रीकाका, एकडाव अजून पाहा न,” हेमला म्हणाली. आसेगावात तिच्या घरच्या सगळ्यांनी आजवर दुसऱ्याच्या वावरात मजुरी केली होती. पगार घेणारी ती पहिलीच होणार होती.

ग्यानबानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “पाह्यलं, बाई. हुकूम इथला नाही.”

साहेबांनी हुकूम ठेवून घेतला. “पोलिसात देत नाही, हेच उपकार समज. जा.”

बाहेर येताच तिला रडू फुटलं. ग्यानबानं तिच्यासाठी चहा मागवला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. त्याचा स्वतःचा चहा तसाच निवला.

“तुमचा काय दोष, काका? दिसलं ते सांगतलं तुमी,” डोळे पुसत ती म्हणाली. “मी अकोल्याले अर्ज करतो. तुमच्या मशीनवर टाइप करून द्या न.”

“माही मशीन बंद हाये, पोरी. हातानंच लिही.”

ती एसटीनं गावी गेली. ग्यानबा घरी आला तो थेट आपली मशीन गोणपाटात बांधायला बसला. बायको रुख्मिणी चुलीपासून उठून आली.

“कुठी चालले मशीन घेऊन?”

“विहिरीत टाकतो.”

“पागल झाले काय? चांगली चालून राह्यली. मे महिन्यातच त हिची झिजलेली अक्षरं कचेरीच्या मशीनले लावून तिची नवी हिले बसोली तुमी!”