बॅगेविना माहेरपण

सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या केतकीच्या हातात नुसती पर्स बघून शालिनीताईंचं डोकंच फिरलं.

"बॅग कुठंय गं?"

"संध्याकाळी परत ओसाकाला जायचंय, आई. ऑफिसनं रजा नाकारली. म्हणतात, नव्या यानानं नाशिक एकोणीस मिनिटांवर आलंय, मग तीन महिने राहायचं कशाला? रोज जाऊन येत जा."

पूर्वी याच प्रवासात अख्खा दिवस जायचा, तेव्हा हीच रजा मुकाट्यानं मिळायची. शालिनीताईंनी हातातलं पातेलं ओट्यावर आदळलं. "लाव त्या तुझ्या साहेबाला फोन!"

पडद्यावर साहेब अदबीनं झुकला. त्याचं जपानी बोलणं यंत्रातून मराठीत ऐकू आलं, "बाईसाहेब, रजा अंतरासाठी होती. अंतर आता उरलं नाही."

"अंतराचं कौतुक मला नका सांगू! माझं माहेर समोरच्या गल्लीत होतं. खिडकीतून हाक मारली की आई ओ द्यायची. तरी हिच्या वेळी मी तिथं तीन महिने राहिले, आणि माझी बॅग उचलून मला सोडायला खुद्द सासूबाई आल्या होत्या!"