खटका

"पेटीला कुणी हात लावला का?" पीरमहंमदनं सायकल बांधाला टेकवत विचारलं.

"कोन लावतोय?" पोलीस पाटील जयसिंग म्हणाला. "तुजं भूत हाय, तूच उगड."

गेणूला विहिरीतून काढून लिंबाखाली ठेवलं होतं. अंगावर त्याचंच घोंगडं होतं. पीरमहंमद दोन पावलं तिकडं गेला आणि थांबला. शाळेपासूनचा दोस्त. घोंगडं वर करून बघायचं त्याला धाडस झालं नाही.

नांद्यात वीज होती, पण पाहुण्यासारखी. कधी येईल, किती टिकेल, नेम नाही. गेणूची मोटार विहिरीतच, आतल्या कट्ट्यावर बसवलेली. सुरू करायची पेटी मात्र वर खोपीत. घरातला दिवा लागला की जो रिकामा असेल तो खोपीकडं पळायचा. आधी विहिरीत वाकून हाक द्यायची, "हाय का कोन आत?" आतून उत्तर आलं नाही, की मग हिरवं बटण दाबायचं. एवढी शिस्त लहान पोरांच्याही अंगवळणी पडलेली.

पीरमहंमदचं पौडला मोटारी दुरुस्तीचं दुकान. डोकं मोठं चलाख. त्यानं अशी पेटी जुळवली, की वीज आली की मोटार आपली आपण सुरू. पहिली पेटी गेणूनं घेतली. "आता निजून पानी," तो गावभर सांगत सुटला. लोकांनी आधी टिंगल केली, मग तिघांनी तशीच पेटी सांगून ठेवली. विहिरीत वाकून हाक द्यायचं मात्र गेणूच्या घरात त्या दिवसापासून बंद झालं. पेटीला कुठं तोंड असतं?

पेटी बसवताना पीरमहंमदनं एक गोष्ट गेणूकडून घोकून घेतली होती. हिरव्या बटणाशेजारी एक खटका. एका अंगाला 'ऑटो', दुसऱ्या अंगाला 'हात'. हातावर असला, की वीज आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटार फिरायची नाही. "आत उतरायच्या आदी खटका हातावर घ्यायचा. इसरलास तर मेलास बघ."

"मी मेलो तर तुज्या ईदला बकरं कोन दील?" गेणू हसला होता.

आज सकाळी वीज नव्हती, म्हणून गेणू गळका पाइप बांधायला आत उतरला. मध्येच वीज आली. मोटार फिरली, खांद्यावरचं उपरणं तिच्यात गुंतलं, आणि गेणू कट्ट्यावर आपटून पाण्यात गेला.

पौडापासून सायकल मारताना पीरमहंमदनं अल्लाकडं एकच मागणं मागितलं होतं, खटका हातावर असू दे. मग गेणूच्या मरणाचं पाप आपल्या यंत्रावर येणार नाही. ऑटोवर असला, तर दोस्त आपणच मारला. मग दुकानही बुडालं आणि तोंडही काळं झालं.

तेवढ्यात गेणूची आई तुकाबाई धावत आली. तिनं त्याच्या सदऱ्याची गचांडी धरली.

"माजा ल्योक खाल्ला रं तुज्या डब्यानं! मी घरात भाकऱ्या थापतुया, आन् मोटार आपसूक वाजली! कुनी बोट लावलं न्हाई, काय न्हाई!"

पीरमहंमदनं सदरा सोडवून घेतला नाही. "मावशी," एवढंच म्हणाला. म्हातारीच्या बोटांचं पीठ त्याच्या सदऱ्याला लागलं.

बायकांनी तिला मागं ओढलं. गेणूची बायको कोंडाबाई सकाळपासून दगडासारखी बसली होती. ती सासूच्या मांडीवर कोसळली.

"आत्याबाई, आता तुमच्याबिगर कोन हाय वो मला?"

पीरमहंमद खोपीत शिरला. फ्यूज काढले, पेटीचं झाकण उघडलं आणि लोकांकडं पाठ करून उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला.

"काय दिसतंय?" पाटलानं दारातून विचारलं.

त्यानं मान वळवून लिंबाकडं पाहिलं. म्हातारी सुनेच्या केसांतून हात फिरवत होती. तिचे डोळे मात्र खोपीकडं लागले होते.

पेटीत काहीतरी खट्ट वाजलं.

"ऑटोवर हाय," पीरमहंमद म्हणाला.

पाटलानं आत येऊन स्वतः डोकावून पाहिलं. खटका ऑटोवरच होता. हिरव्या बटणावर पीरमहंमदचा अंगठा होता, तो त्यानं हलवला नाही.

"लिवा पाटील. माज्याच यंत्रानं घात केला."

बाहेर गलका उठला. कुणीतरी त्याच्या सायकलीला लाथ घातली. ज्या तिघांनी पेट्या सांगितल्या होत्या, त्यांनी तोंडं फिरवली.

"उपटून ने ते," पाटील म्हणाला. "आन् पुन्ना नांद्यात पाय ठिवू नगंस."

पीरमहंमदनं पेटी काढली, सायकलीला बांधली आणि चालतच निघाला. दोस्ताच्या मातीलाही त्याला थांबू दिलं नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.

पौडात बातमी त्याच्या आधी पोचली होती. दुकानापुढं शुकशुकाट होता. बायकोनं, हसिनानं, पाण्याचा तांब्या पुढं केला.

"सारं गाव आपल्याला खुनी म्हनतंय," ती म्हणाली. "गेणूभाऊंला लाख डाव सांगितलं व्हतं तुमी. तरी इसरलं व्हय?"

तो पाणी प्याला नाही. हसिनानं पेटी आत ठेवायला उचलली. झाकण सुटून लोंबत होतं. ती उजेडात वाकली.

"अवो, ह्या हिरव्या बटनावर कसलं बोट उठलंय? पीठ हाय जनू."

पीरमहंमदनं पेटी तिच्या हातातून घेतली आणि सदऱ्याच्या बाहीनं बटण पुसू लागला.

"गेणू इसरला न्हवता," तो म्हणाला. "खटका हातावर व्हता."