मुलींच्या वसतिगृहाचं नाव

दुसरं अक्षर वाकडं बसलं होतं. शिडीवरचा कारागीर खाली बघत विचारत होता, आता सरळ झालं का, आणि फेइ मावशी मान वर करून उभ्या होत्या. मुलींच्या वसतिगृहावर आज नाव चढत होतं. अकरा वर्षं मावशी इथं देखरेखीला होत्या. आजवर या वसतिगृहाला सगळे 'तीन नंबर' म्हणायचे.

दोन्ही चिनी अक्षरं मावशींना वाचता येत होती; एकेक अक्षर म्हणजे एकेक शब्द. पहिलं 'जपून', दुसरं 'एकटं'. अर्थ मात्र लागेना.

"काय हो तान गुरुजी," शेजारी हात मागे बांधून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गुरुजींना त्यांनी विचारलं. शाळेच्या सगळ्या इमारतींची नावं गुरुजींनीच जुन्या ग्रंथांतून काढली होती. "मुलींनी एकटंदुकटं हिंडू नये, असंच ना? मग सरळ 'दार लावून घ्या' लिहायचं. चोरांनाही कळलं असतं."

गुरुजी हसले. "तसं नव्हे. बघायला कोणी नसलं तरी माणसानं चारचौघांत वागतो तसंच वागावं. एकटं असताना स्वतःला जपावं. दोन हजार वर्षांहून जुनं बोलणं आहे."

"पण कोणी बघतच नसलं, तर कळणार कुणाला?"

"चाळीस वर्षं हेच शिकवतोय," गुरुजी म्हणाले, "आणि हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतंच. मला अजून नीट उत्तर देता आलेलं नाही."

तेवढ्यात उपमुख्याध्यापिका लू बाई आल्या. त्यांनी मावशींना बाजूला घेतलं. "तिसऱ्या मजल्यावरची सात नंबरची खोली बघून घ्या. मुली वर्गात आहेत तोवरच. सु यूनहेच्या पलंगाखाली खोका आहे, फडक्यानं झाकलेला. मोबाईल असणार. सापडला तर आठवडाभर घरी. आणि मावशी, मागच्या खेपेसारखं हात हलवत येऊ नका. उन्हाळ्यानंतर माणसं कमी करायची आहेत, माहीत आहे ना?"

मावशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन जिना चढल्या.

खोलीत आठ पलंग, आठ मच्छरदाण्या, दोरीवर मोजे. खिडकीकडच्या पलंगाखाली बुटांचा खोका होता, वर निळं फडकं. मावशी उकिडव्या बसल्या. खरं तर त्या खोक्यानं त्यांचीच झोप उडवली होती. गेले दहा-बारा दिवस ही पोरगी पहाटे मागच्या भिंतीकडे जायची आणि मूठ झाकून परतायची. विचारलं तर हसून पळायची.

मुलींचे खोके, कपाटं त्यांनी शेकड्यांनी उघडली होती. चिठ्ठ्या वाचल्या होत्या. एकदा तर एकीची वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली होती. त्यानंतर ती मुलगी जिन्यात भेटली की मान खाली जायची ती मावशींची.

त्यांनी फडक्याचं टोक चिमटीत धरलं. खाली कारागिराची हातोडी वाजत होती. मजल्यावर चिटपाखरू नव्हतं.

टोक सोडून त्या उठल्या. दाराला कुलूप घातलं, बाहेर स्टूल ओढलं आणि बसून राहिल्या.

दीड तासानं जेवणाची घंटा झाली आणि मुली जिन्यानं धडाधड वर आल्या. मावशींना दारात बघून यूनहेचा चेहरा उतरला.

"खोका उघडलात?"

"नाही."

"खोटं."

"उघडायचा होता. फार उघडायचा होता," मावशी म्हणाल्या. "म्हणून तर दीड तास बाहेर बसलेय. आता तूच सांग, आहे काय त्यात?"

यूनहेनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग आत जाऊन तिनं खोका ओढला, फडकं काढलं.

तुतीच्या पानांवर तीसेक रेशमाचे किडे होते. पांढरे, बोटभर, गुबगुबीत. एकानं कोपरा धरून धागा काढायला सुरुवात केली होती. त्याच्याभोवती धुक्यासारखं काहीतरी जमलं होतं.

"जीवशास्त्राच्या तासाला आणलेले. नंतर टाकून देणार होते," यूनहे म्हणाली.

मावशींनी एक पान उचलून गालाला लावलं. "दंवाची पानं घालतेस? अगं, ओल्या पानांनी हगवण लागते त्यांना. पुसून घालत जा."

"तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्या घरी पलंगावर हे असायचे. आम्ही जमिनीवर."

मुली हसल्या आणि एकदम गप्प झाल्या. दारात लू बाई उभ्या होत्या.

"काय सापडलं?"

"मी काही शोधलं नाही," मावशी उभ्या राहून म्हणाल्या. "तिला विचारलं. तिनं दाखवलं."

बाई आत आल्या, वाकल्या. "खोलीत प्राणी ठेवायचे नाहीत, हा नियम आहे."

"आहे," मावशी म्हणाल्या.

कोपऱ्यातला किडा डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेत होता. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्या खाली बसल्या.

"हा थांबत नाही का मधे?"

"तीन दिवस नाही," मावशी म्हणाल्या. "हलवलं तर धागा तुटतो."

"मग तीन दिवसांनी येते," लू बाई म्हणाल्या, पण उठल्या नाहीत.