एका दमातली ओवी

तिसगावच्या देवळात चाळीस वर्षं पोथी काकासाहेबांनीच वाचली. वीराच्या मरणाची लांबलचक ओवी ते एका दमात म्हणायचे आणि लोक माना डोलवायचे. यंदा दम्यानं गाठलं, तसा तो मान शेजारच्या अजिनाथकडं गेला. काकासाहेब खांबाला टेकून, आतून जळत, तो कुठं अडखळतोय याचीच वाट बघत होते. नेमका त्या ओवीला अजिनाथचा गळा दाटून आला. मधेच थांबून त्यानं श्वास घेतला, मग उरलेली ओवी वाचली.

“बघितलंस? दम तुटला त्याचा!” काकासाहेब बायकोच्या कानाशी खुशीत पुटपुटले.

लंकाबाईंनी पदरानं डोळे पुसले. “व्हय. तुमी वाचायचा तवा आमी तुमचाच दम बघायचो. वीर मेला त्यो आजच.”