धूळमुक्त शर्यत

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात सांगलीजवळच्या जिनदत्तच्या पडीक रानात मोटारसायकलींची शर्यत झाली. "पर्यावरण सांभाळणारी शर्यत आहे," आयोजक म्हणाले होते, "धुळीचा कण उडणार नाही." नाहीच उडाला. आदल्या दिवशी त्यांनी सगळ्या वाटेवर गॅरेजातलं जळकं ऑइल शिंपडलं होतं. हिरवे झेंडे हलले, जिनदत्तला शाल मिळाली आणि तेलकट मातीनं माखलेल्या गाड्या त्याच्याच विहिरीच्या काठावर धुऊन मंडळी जेवायला गेली.

सांजेआधी जिनदत्तच्या बायकोनं, गुणमालानं, जैन घरातल्या रीतीनं रोजच्यासारखं दुहेरी फडक्यातून विहिरीचं पाणी गाळलं. फडकं काळं झालं. हंड्यातून जळक्या ऑइलचा वास आला.

"ओतून टाक गं," जिनदत्त शालीची घडी घालत म्हणाला. "शेजारच्या विहिरीचं आणू की."

"आपलं भागंल वो."

ती फडकं तसंच ओंजळीत धरून उभी होती. गाळताना अडकलेले बारीक जीव रोज ती त्याच विहिरीत अलगद परत सोडायची, निजलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तसं.

"आवं, ह्यास्नी कुठं सोडू?"