बोललेला बोकड

म्हसोबाला नवसात बोललेला बोकड धोंडीबानं जत्रेच्या आधीच दारात कापला आणि रक्ताळल्या हातानंच चूल पेटवली. रश्श्याचा वास येताच त्याच्या बायकोनं, भिवराबाईनं, नाकाला पदर लावला. छातीच्या गाठीवर औरंगाबादला कॅन्सरच्या सुया सुरू झाल्यापासून तिला घास टिकत नव्हता. धोंडीबा मेंढराच्या पाठीवरून फिरवावा तसा रोज तिच्या पाठीवरून हात फिरवायचा. हाताला नुसती हाडं लागायची.

धाकटा भाऊ रायभान रानातून आला. दारातलं मुंडकं दिसताच त्यानं हातातली काठी भावाच्या टाळक्यात घातली.

"दादा, देवाच्या तोंडचा घास पळवलास! आता देव सोडंल का?"

"डाक्तर म्हनले, अंगावर मांस न्हाई ऱ्हायलं तर ही सुया सोसायची न्हाई."

टाळक्यातलं रक्त डोळ्यात उतरलं, तरी धोंडीबानं हात उगारला नाही. तो पातेल्यावर ओणवा झाला. रायभाननं काठी कंबरेत हाणली, त्याला बाजूला लोटलं आणि पातेलं लाथेनं उडवलं. रस्सा मातीत गेला.

भिवराबाई भिंत धरून उठली. मातीतली एक फोड उचलून तिनं तोंडात घातली आणि दिराच्या डोळ्यात डोळे घालून चावायला लागली. ओकारी आली, ती तिनं घासाबरोबरच गिळली.

"वैनी, थुक ते!" रायभान रडायलाच लागला. "तुझ्याच जिवासाठी नवस बोललो व्हतो गं मी!"

"मंग खाऊ द्या की मला, भाऊजी," ती म्हणाली आणि तिनं दुसरी फोड उचलली.